आमचे संकेतस्थळ गूगलवर का दिसत नाही?
संकेतस्थळ चालविणाऱ्यांच्या काही नेहमीच्या शंका आणि त्यांचे समाधान



माझी मावसबहीण आणि तिचे यजमान दिमोना येथे घरगुती पदार्थांचा छोटासा व्यवसाय करतात. पुरणपोळ्या, चिरोटे, करंज्या, रोश हाशानाच्या सुमारास चिकाचा हलवा, आणि कोणाकडे मालिदा असला की त्याची सारी तयारी. हातांना चव आहे, व्यवहार चोख आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहावरून त्यांनी व्यवसायाचे एक संकेतस्थळ तयार करून घेतले. पुढे एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. "तुमचे संकेतस्थळ महिन्याभरात गूगलच्या पहिल्या क्रमांकावर आणून देतो, दरमहा सहाशे शेकेल पडतील," असे त्यांनी सांगितले. उभयतांनी विश्वास ठेवला. दर महिन्याला रंगीत आलेखांचा एक इंग्रजी अहवाल येई आणि दर महिन्याला सहाशे शेकेल जात. आठ महिन्यांत ४,८०० शेकेल खर्च झाले, पण नवे गिऱ्हाईक एकही आले नाही.

एका शब्बाथच्या रात्री, हावदाला झाल्यावर, बहीण मला म्हणाली, "बाई, तू शाळेत मुलांना संगणकावर धडे देतेस, जरा आमचेही बघ ना." शाळेत सारे मला बाई म्हणतात म्हणून घरचेही तसेच म्हणू लागले आहेत. मी बघितले. दोष शोधावयास पंधरा मिनिटेही लागली नाहीत. संकेतस्थळ बांधताना, काम अपुरे असेतो शोधयंत्रांनी इकडे येऊ नये म्हणून, एका चौकटीत खूण केलेली होती. काम पूर्ण झाल्यावर ती खूण काढावयाची राहून गेली होती. म्हणजे दुकान थाटले, दिवे लावले, आणि दारावर 'आत येऊ नये' ही पाटी तशीच राहिली! आठ महिने अहवाल पाठविणाऱ्या गृहस्थांनी ती पाटी एकदाही वाचली नव्हती.

ही हकिकत नातलगांत पसरली, आणि अश्दोद, लोद, बीरशेबा येथून मला प्रश्न येऊ लागले. कोणी पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देतात, कोणी मेहेंदीच्या समारंभाचे कपडे शिवतात, कोणी सिनेगॉगचे पान सांभाळतात. प्रश्न मात्र बहुधा तेच. मी अभियंता नव्हे, शिक्षिका आहे. परंतु मुंबईत अध्यापनाचे शिक्षण घेताना 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे' हे सूत्र आम्हांला शिकविले होते. त्याच सूत्राने हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे क्रमाने मांडीत आहे.

प्रश्न १ : संकेतस्थळ तयार होऊन सहा महिने झाले, तरी शोधात दिसत नाही. कारण काय?

प्रथम शोधयंत्र काय करते ते समजून घेऊ. त्याचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर त्याचा स्वयंचलित वाचक एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात जगभरची पाने वाचीत फिरतो. दुसऱ्या पायरीवर वाचलेल्या पानांची सूची तयार होते, जशी जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. तिसऱ्या पायरीवर, आपण काही विचारले की त्या सूचीतून योग्य पाने निवडून ती क्रमाने मांडली जातात. आपण शोधतो तेव्हा गूगल त्या क्षणी जग धुंडाळीत नसते, आपली सूची चाळीत असते. जे पान सूचीतच नाही ते कितीही सुंदर असले तरी सापडणार नाही.

म्हणून पहिली तपासणी ही : शोधाच्या चौकटीत इंग्रजी 'साइट' हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम, आणि मध्ये जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. आपली पाने दिसली तर ती सूचीत आहेत. काहीच न दिसल्यास 'सर्च कन्सोल' हे गूगलचे विनामूल्य साधन उघडावे. संकेतस्थळ आपलेच असल्याची खात्री पटविली की कोणते पान सूचीत आहे, कोणते नाही आणि का नाही, हे तेथे लिहिलेले सापडते. माझ्या बहिणीच्या बाबतीत 'नोइंडेक्स' हा एकच शब्द कारण म्हणून लिहिला होता. वर्डप्रेसवर संकेतस्थळ बांधले असेल तर 'रीडिंग' या शीर्षकाखालील ती चौकट अवश्य पाहावी.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. 'रोबॉट्स डॉट टीएक्सटी' ही फाइल शोधयंत्राच्या वाचकाला पान वाचू नकोस म्हणून सांगते, तर 'नोइंडेक्स' ही सूचना पान वाच पण सूचीत घालू नकोस असे सांगते. एखादे पान शोधात येऊ नये अशी इच्छा असेल तर 'नोइंडेक्स' वापरावे. आणि त्या पानाला रोबॉट्सच्या फाइलमध्ये मनाई करू नये, कारण वाचकाला आतच येऊ दिले नाही तर तो आतली सूचना वाचणार कशी?

प्रश्न २ : पैसे भरून पहिला क्रमांक मिळतो काय? आणि फळ किती दिवसांत दिसते?

मिळत नाही. गूगलवर दोन गोष्टी शेजारी शेजारी असतात : जाहिराती आणि नैसर्गिक निकाल. जाहिरात पैसे देऊन घेता येते व तिच्यावर तसा उल्लेख असतो. नैसर्गिक निकालांतील क्रम विकत मिळत नाही, आणि जाहिरात दिल्याने तो सुधारतही नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ शब्दांत लिहून ठेवले आहे. म्हणून 'हमी' हा शब्द ऐकताच सावध व्हावे.

या विषयाला इंग्रजीत सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, संक्षेपाने एसईओ, म्हणतात. त्यातील सारेच व्यावसायिक फसवे असतात असे मुळीच नव्हे. प्रामाणिक माणसे आहेत, आणि ती प्रथम आपले संकेतस्थळ तपासून दोष सांगतात, काय करणार हे लिहून देतात, आणि धीर धरावयास सांगतात. गूगलच्याच एका मार्गदर्शिकेने २०१७ साली सांगितले होते की सुधारणा करून त्यांचा लाभ दिसावयास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते. पेरल्या दिवशी भात कापता येत नाही, हे कोकणातल्या वाडवडिलांच्या वंशजांना मी काय सांगावे?

प्रश्न ३ : महत्त्वाचे शब्द पानावर किती वेळा लिहावेत?

याला काही ठरलेली संख्या नाही. पूर्वी पानाच्या अदृश्य भागात 'की-वर्ड' म्हणून शब्दांची लांबलचक यादी देण्याची पद्धत होती. गूगल आपल्या क्रमवारीसाठी ती यादी विचारात घेत नाही, हे त्यांनी २००९ सालीच जाहीर केले. तरीही आज त्या यादीचे पैसे घेणारे लोक आहेत! तसेच एकच शब्द वाक्यावाक्यांत कोंबणे हे अपायकारक आहे. निबंधात 'गाय उपयुक्त पशू आहे' हे वाक्य वीस वेळा लिहिणाऱ्या मुलाला आपण वीस गुण देत नाही.

त्याऐवजी प्रत्येक पानाच्या शीर्षकाकडे लक्ष द्यावे. माझ्या बहिणीच्या पहिल्या पानाचे शीर्षक होते 'मुख्य पान'. जगात अशी मुख्य पाने किती असतील! ते बदलून आम्ही 'पुरणपोळी, चिरोटे व चिकाचा हलवा : दिमोना येथे घरगुती' या अर्थाचे केले. शीर्षकाखाली जे दोन ओळींचे वर्णन देता येते त्याने क्रम वाढत नाही, परंतु शोधणाऱ्याच्या नजरेस ते पडू शकते आणि वाचून तो आत येतो. म्हणून तेही प्रत्येक पानाचे वेगळे आणि खरे असावे. 'कशेर' हा शब्द प्रमाणपत्र हाती असेल तरच लिहावा, हे वेगळे सांगावयास नको.

आणि शब्द निवडावे ते गिऱ्हाइकाचे, आपले नव्हेत. आपण 'पारंपरिक भारतीय पाककृती' असे भारदस्त लिहितो, आणि भूक लागलेला माणूस हिब्रूत 'ओखेल होदी' एवढेच टाइप करतो. दूरध्वनीवर लोक आपल्याला काय विचारतात ते महिनाभर वहीत टिपून ठेवावे. ती वही कोणत्याही महागड्या अहवालापेक्षा मोलाची ठरते.

प्रश्न ४ : संकेतस्थळ कोणत्या भाषेत असावे : हिब्रू, मराठी की इंग्रजी?

हा प्रश्न आपल्या समाजाला विशेष लागू आहे. आपली नातवंडे हिब्रूत शोधतात, परदेशातील पाहुणे इंग्रजीत, आणि आपण वडीलधारी मंडळी मराठीत. शक्य असल्यास तिन्ही भाषा ठेवाव्यात. परंतु एकाच पानावर तिन्हींची खिचडी करू नये. प्रत्येक भाषेचे स्वतंत्र पान आणि त्याचा स्वतंत्र पत्ता असावा. 'एचरेफ-लँग' नावाची एक खूण गूगलने २०११ साली आणली. तिच्यायोगे ही तीन पाने एकाच मजकुराची तीन भाषांतील रूपे आहेत हे शोधयंत्राला कळते. ही खूण परस्परांची हवी : हिब्रू पानाने मराठी पानाकडे बोट दाखविले तर मराठी पानानेही हिब्रू पानाकडे दाखविले पाहिजे. हिब्रू पानाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवण्याची सूचनाही मुलांकडून करून घ्यावी, नाहीतर विरामचिन्हे आणि दूरध्वनी क्रमांक भलतीकडे जातात.

मराठीबद्दल एक गंभीर गोष्ट. आपल्यापैकी पुष्कळांनी जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत टाइप करून ठेवला आहे. पडद्यावर तो मराठी दिसतो, परंतु यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक रांग असते. असा मजकूर 'मालिदा' शोधणाऱ्याला कधीच सापडणार नाही. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे मात्र डोळ्यांनी तपासावी लागतात.

आडनावांचेही तसेच. आपली आडनावे म्हणजे गावांचे पत्ते : पेणकर, रोहेकर, नवगावकर. परंतु रोमन लिपीत एकाच आडनावाची तीन-चार रूपे होतात, आणि हिब्रूत स्वरचिन्हे लिहीत नसल्यामुळे आणखी घोटाळा होतो. आपल्या परिचयाच्या पानावर, सहज वाक्याच्या ओघात, ही वेगवेगळी रूपे एकदा येऊ द्यावीत, म्हणजे कोणत्याही रूपाने शोधणारा आपल्यापर्यंत पोहोचू शकेल.

प्रश्न ५ : दुसऱ्या संकेतस्थळांवरून दुवे विकत घ्यावेत काय?

घेऊ नयेत. दुव्याला महत्त्व का आले ते पाहा. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल स्थापन केले. त्यांची मूळ कल्पना अशी की, ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते महत्त्वाचे, आणि बोट दाखविणारे पान स्वतः प्रतिष्ठित असेल तर ते अधिकच महत्त्वाचे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. सोयरीक जुळविताना आपण मुलाची स्वतःची स्तुती ऐकत नसू, गावातल्या चार जाणत्या माणसांकडे चौकशी करीत असू. पैसे देऊन आणलेल्या साक्षीदाराची साक्ष मात्र कोणी मानीत नसे.

शोधयंत्रही ती मानीत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यू या बड्या मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने काही दिवस सूचीतून काढून टाकले होते, कारण यंत्रासाठी एक आणि माणसासाठी दुसरे अशी पाने त्यांनी ठेविली होती. २०११ साली न्यू यॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीकडे येणाऱ्या, पैसे देऊन मिळविलेल्या हजारो दुव्यांचा प्रकार उघडकीस आणला, आणि तिचे क्रमांक एकाएकी घसरले. ते दुवे आपल्या नकळत घातले गेल्याचे कंपनीचे म्हणणे होते. तिने आपल्या एसईओ सल्लागाराशी संबंध तोडले, पण नुकसान व्हायचे ते झालेच. लबाडी सल्लागार करतो आणि शिक्षा मालक भोगतो. २०१२ साली 'पेंग्विन' नावाच्या सुधारणेने गूगलने अशा दुव्यांविरुद्ध आपली पद्धत अधिक कडक केली.

खरे दुवे आपल्या आसपासच असतात. ज्या सभागृहात आपण जेवण पुरवितो त्याच्या पानावर, ज्या संस्थेच्या कार्यक्रमास आपण मदत केली तिच्या पानावर, गावच्या वृत्तपत्रात आपला उल्लेख येऊ शकतो. असे चार दुवे विकतच्या चारशेंपेक्षा बरे.

प्रश्न ६ : आमच्या पानावर पुष्कळ माहिती आहे, पण ती चित्रांच्या रूपात आहे. चालेल काय?

मजकूर चित्रात कोंडू नये. पदार्थांचे दरपत्रक सुंदर रंगीत चित्र म्हणून लावले तर यंत्राने ते नीट वाचलेच असे धरून चालता येत नाही, आणि ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्या वाचन-यंत्रालाही ते वाचता येत नाही. दरपत्रक साध्या अक्षरांत लिहावे. छायाचित्रे अवश्य लावावीत, पण प्रत्येकाला 'ऑल्ट' म्हणून जे छोटे वर्णन देता येते ते द्यावे : 'केळीच्या पानावर मांडलेले चिरोटे'. 'छायाचित्र क्रमांक १२' असे नव्हे.

सिनेगॉगचे जुने अहवाल, लग्नपत्रिका, वार्षिक अंक यांची छायाप्रत करून ठेवणाऱ्या मंडळींनीही हे लक्षात घ्यावे. नुसती छायाप्रत म्हणजे कुलूप लावलेले कपाट. तिच्यासोबत निदान चार ओळींचा युनिकोड मजकूर द्यावा : वर्ष कोणते, गाव कोणते, आत कोणाकोणाचा उल्लेख आहे. जिवंत व्यक्तींचे पत्ते व क्रमांक मात्र त्यांच्या अनुमतीवाचून उघड करू नयेत.

प्रश्न ७ : संगणकावर आमचे पान उत्तम दिसते. मोबाईलवर पाहण्याची आवश्यकता आहे काय?

मोबाईलवरच प्रथम पाहावे. गूगल आता पानाचे मोबाईलवरील रूप वाचून सूची करते. या बदलाची घोषणा २०१६ साली झाली, आणि तो पूर्ण झाल्याचे २०२३ साली सांगण्यात आले. जो मजकूर मोबाईलच्या रूपात गाळलेला आहे तो सूचीतही आलाच नाही असे समजावे.

गतीचेही माप ठरलेले आहे. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी अपेक्षा असते. माझ्या बहिणीच्या पानावर कॅमेऱ्यातून काढलेली छायाचित्रे जशीच्या तशी चढविली होती, आणि एकेक चित्र सहा-सात मेगाबाइटचे होते. ती लहान करताच पान चटकन उघडू लागले. तथापि गतीचा बाऊ करू नये. उपयुक्त मजकूर नसलेले वेगवान पान म्हणजे रिकामी धावती गाडी. संकेतस्थळ 'एचटीटीपीएस' या सुरक्षित पद्धतीचे असावे. २०१४ पासून गूगल त्याला थोडेसे वजन देते, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आज विनामूल्यही मिळते.

प्रश्न ८ : आमच्याच गावातील लोकांना आमचे दुकान दिसावे, यासाठी काय करावे?

छोट्या व्यावसायिकासाठी हा सर्वांत उपयुक्त प्रश्न आहे. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. २०२१ पासून तिला 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. स्थानिक निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात : विचारलेल्या गोष्टीशी आपला व्यवसाय कितपत जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती अंतरावर आहे, आणि तो किती प्रसिद्ध आहे. अंतर आपल्या हाती नाही, पण बाकीच्या दोहोंसाठी परिश्रम करता येतात.

व्यवसायाचा प्रकार अचूक निवडावा. नाव, पत्ता व दूरध्वनी सर्वत्र एकसारखे असावेत. नावातच 'सर्वोत्तम मिठाई दिमोना' असे शब्द चिकटवू नयेत, कारण ते नियमाविरुद्ध आहे. वेळा खऱ्या लिहाव्यात. शुक्रवारी दुपारी बंद, शब्बाथला बंद, सणाच्या दिवसांच्या वेळा वेगळ्या, हे सारे तेथे नोंदविता येते. सणाच्या आदल्या दिवशी बंद दारासमोर उभे राहिलेले गिऱ्हाईक परत येत नाही. अभिप्राय संतुष्ट गिऱ्हाइकांना नम्रपणे मागावेत, पण भाचे-पुतण्यांकडून खोटे लिहवून घेऊ नयेत किंवा अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देऊ नये. प्रतिकूल अभिप्रायाला संयमाने उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असते.

प्रश्न ९ : संकेतस्थळ नव्याने बांधावयाचे आहे. जुन्याचे काय करावे?

घर बदलल्यावर आपण टपाल कचेरीला नवा पत्ता कळवितो, तसेच येथे करावे. जुन्या प्रत्येक पानावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमचे वळण द्यावे. तंत्रज्ञ त्याला '३०१' म्हणतात. हे वळण निदान एक वर्ष, शक्य तर त्याहून अधिक काळ ठेवावे. सारी जुनी पाने नव्या मुखपृष्ठाकडे वळविणे म्हणजे सगळ्या पाहुण्यांना ओटीवर बसवून ठेवणे. असे केल्याने मिळविलेले बरेचसे स्थान गमवावे लागते.

'साइटमॅप' म्हणजे पानांची यादी. ती दिली तर बरे, परंतु शंभर-दोनशे पानांच्या, आतील दुवे नीट असलेल्या संकेतस्थळाचे तिच्यावाचून अडत नाही.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर नोंदलेले असावे. त्याचे परवलीचे शब्द, सर्च कन्सोल आणि नकाशावरील नोंद यांची मालकी स्वतःकडे ठेवावी आणि बांधणाऱ्याला केवळ काम करण्याची परवानगी द्यावी. बहिणीचे यजमान त्या गृहस्थांना नकार कळवावयास गेले तेव्हा कळले की डोमेन त्यांच्याच नावावर आहे! ते परत मिळविण्यास दोन महिने आणि पुष्कळ पत्रव्यवहार लागला. घराची किल्ली गवंड्याजवळ ठेवून आपण राहावयास जातो काय?

प्रश्न १० : आता यंत्रच उत्तरे देते. मग संकेतस्थळ हवे कशाला?

२०२४ च्या मे महिन्यात गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर कृत्रिम बुद्धीने तयार केलेली सारांशरूप उत्तरे देण्यास प्रारंभ केला आणि पुढे ती अनेक देशांत नेली. 'पुरण म्हणजे काय' एवढेच विचारणारा मनुष्य सारांश वाचून परत जाईल, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'मला येत्या गुरुवारी चाळीस पोळ्या हव्या आहेत' असे म्हणणाऱ्याला सारांश जेवू घालीत नाही. त्या सारांशात येण्यासाठी कोणतीही गुप्त खूण लागत नाही, नेहमीचेच नियम त्यासही लागू आहेत, असे गूगलचे सांगणे आहे. तेव्हा 'यंत्रात नाव घालून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यालाही वरील दुसरेच उत्तर द्यावे.

यंत्राकडून शेकडो लेख लिहवून पाने भरावीत काय, असेही एकाने विचारले. यंत्राची मदत घेणे हा दोष नव्हे, पण केवळ क्रम मिळविण्यासाठी निरुपयोगी पानांचे ढीग घालणे हे २०२४ च्या मार्चपासून गूगलच्या नियमांत स्पष्टपणे गैर ठरविले आहे. आणि यंत्र जगातले लिहिलेलेच वाचते. आपल्या आजीने गहू किती दिवस भिजत घालून चीक काढला, नारळाचे दूध केव्हा घातले, हलवा उतरला हे तिने कशावरून ओळखले, हे कोणी लिहिलेच नसेल तर यंत्र ते सांगणार कोठून? ते आपणच लिहावे लागेल.

असो. शेवटी बहिणीच्या संकेतस्थळाचे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करते. ती एक खूण काढली, शीर्षके सुधारली, छायाचित्रे लहान केली, आणि नकाशावर नोंद केली. एक शेकेलही खर्च झाला नाही. आठवड्याभरात त्यांच्या नावाने शोधल्यास पान दिसू लागले. 'ओखेल होदी' या शब्दांना ते आजही पहिल्या क्रमांकावर नाही, आणि कदाचित कधी येणारही नाही. परंतु तिने हिब्रूत आणि मराठीत चिकाच्या हलव्याची कृती सविस्तर लिहिली, त्या पानावरून लोक येऊ लागले. गेल्या रोश हाशानापूर्वी हैफाहून एका तरुण मुलीचा दूरध्वनी आला. तिची आजी वारली होती, घरात कृती कोणाला ठाऊक नव्हती, आणि तिने आजीच्या तोंडचा 'चिक' हा एकच शब्द हिब्रू अक्षरांत लिहून शोधला होता. बहिणीने तिला हलवा विकला नाही. दूरध्वनीवर तासभर बोलून तिच्याकडून तो करवून घेतला.

मावसबहिणीचे यजमान म्हणतात की त्या ४,८०० शेकेलांची वसुली त्या दिवशी झाली. मी व्यवहारी आहे, मला तसे वाटत नाही. ते पैसे गेले ते गेलेच, आणि आपल्यापैकी दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून तर हा लेखप्रपंच केला. परंतु ती मुलगी शोधत होती तेव्हा आपले दार उघडे होते, एवढे समाधान मलाही आहे. वाचकांनी आजच आपल्या दारावरची पाटी एकदा वाचून पाहावी, ही विनंती.